को जागर्ति?

कोजागिरीच्या मध्यरात्री लक्ष्मी घरोघर डोकावते आणि ‘को जागर्ति?’ म्हणून विचारते, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. आमच्या सोसायटीच्या गच्चीवरचा अनुभव असा, की आटवलेल्या दुधाचे पातेले रिकामे होईपर्यंत झाडून सारे जागे असतात. त्यानंतर लक्ष्मी आलीच तर तिची गाठ उष्ट्या पेल्यांशी आणि कोणाच्या तरी विसरलेल्या सतरंजीशी पडायची. जागरण ही गोष्ट आम्हा पुणेकरांच्या प्रकृतीला मानवत नाही. आम्ही दुपारीदेखील एक ते चार या वेळात कोणी जागे ठेवलेले खपवून घेत नाही.

सन २०२२ ची कोजागिरी ९ ऑक्टोबरला, रविवारी होती. त्या संध्याकाळी पावणेसातच्या सुमारास, म्हणजे घराघरांतून दूध चुलीवर चढले असेल किंवा चारोळी शोधली जात असेल तेव्हा, पृथ्वीवर आकाशातून एक अदृश्य तेजाचा लोट येऊन आदळला. तो निघाला होता सुमारे १९० कोटी वर्षांपूर्वी. त्याच्या माऱ्याने अवकाशातील उपग्रहांची मापनयंत्रे अक्षरशः दिपून गेली आणि पृथ्वीच्या वातावरणाचा वरचा थरसुद्धा हलला. असा लोट दहा हजार वर्षांतून एखादाच यावा, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. आपल्यापैकी कोणालाही काही कळले नाही. आपण चंद्राकडे पाहत होतो.

जागे कोण होते? फर्मी नावाचा उपग्रह जागा होता. त्याने नोंद केली. सुमारे तेपन्न मिनिटांनी स्विफ्ट नावाच्या दुसऱ्या उपग्रहाला त्या दिशेला काहीतरी लखलखताना दिसले. त्याने आपण होऊन मान वळवली, जागा टिपली आणि जगभर निरोप धाडला. गंमत पुढेच आहे. त्या पहिल्या निरोपात ही वस्तू आपल्याच आकाशगंगेतली असावी असे ठरवून तिला तसले नावही देऊन टाकले होते, कारण ती आकाशगंगेच्या पट्ट्याजवळ होती आणि इतकी तेजस्वी होती, की दूरची असेल असे वाटेना. मग काही तासांत माणसांनी दोन नोंदी शेजारीशेजारी ठेवल्या आणि ओळखले, की दोन्ही एकाच स्फोटाच्या आहेत, आणि तो स्फोट आपल्या घरातला नव्हे, फार परक्या मुलखातला आहे.

यंत्राने पाहायचे आणि माणसाने ओळखायचे, हा जो मामला आहे तोच मला आज वाचकांपुढे मांडायचा आहे. त्यात आपल्या पुण्याचाही एक वाटा आहे, आणि तो अगदी पुणेरी म्हणावा असा आहे. पण तिथवर जाण्याआधी थोडी पूर्वपीठिका सांगितली पाहिजे.

या स्फोटांना गॅमा-किरणांचे स्फोट म्हणतात. गॅमा किरण म्हणजे क्ष-किरणांचे थोरले भाऊ. ते आपल्या वातावरणातच अडतात, आणि हे आपले भाग्यच. पण त्यामुळे जमिनीवर बसून ते दिसत नाहीत. ते प्रथम दिसले तेही चोर पकडायला बसवलेल्या पहारेकऱ्याला. १९६३ मध्ये अणुचाचण्यांवर बंदी घालणारा करार झाला आणि रशिया तो चोरून मोडत नाही ना, हे पाहण्यासाठी अमेरिकेने ‘वेला’ नावाचे उपग्रह सोडले. २ जुलै १९६७ रोजी त्यांना गॅमा किरणांचा एक झोत सापडला. चोर काही सापडला नाही, झोत आला होता तो आकाशाच्या पोटातून. ही हकीगत शास्त्रज्ञांनी जगजाहीर केली ती १९७३ मध्ये.

झोत टिकतो किती? कधी सेकंदाचा अंश, कधी काही सेकंद, कधी काही मिनिटे. दिवाळीत आपण पाठमोरे उभे असताना कोणी बाण सोडला, तर आपण वळेपर्यंत वर नुसता धूर उरतो, तशातला प्रकार. पुन्हा त्याच जागी तो कधीच होत नाही, कारण जे फुटले ते कायमचे फुटले. दीर्घ झोत हा बहुधा एखाद्या अवजड ताऱ्याचा अंतकाळ असतो. त्याचा गाभा कोसळून कृष्णविवर होते आणि दोन बाजूंनी तेजाच्या चिळकांड्या उडतात. त्यातली एक नेमकी आपल्या दिशेला असली, की आपल्याला स्फोट दिसतो. आखूड झोत हा दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीचा.

हे सारे आज मी सहज लिहून गेलो. परंतु तीस वर्षे मोठमोठ्या पंडितांना हे स्फोट दारात होतात की विश्वाच्या वेशीवर, एवढेही सांगता येत नव्हते. कारण उघड आहे. गॅमा किरणांवरून नेमकी जागा सांगता येत नसे आणि अंतर तर त्याहून नाही. त्यासाठी साध्या प्रकाशात त्या बाणाचा धूर दिसायला हवा होता. तो प्रथम दिसला १९९७ च्या फेब्रुवारीत. त्याच वर्षी ८ मे रोजी झालेल्या स्फोटाचा मंद ठिपका सापडताच कॅलिफोर्नियाच्या खगोलज्ञांनी हवाई बेटावरील केक दुर्बिणीतून त्याच्या प्रकाशाचे पृथक्करण केले, आणि तो कित्येक अब्ज प्रकाशवर्षे दूर आहे हे सिद्ध झाले. या मंडळींत एक होते श्रीनिवास कुलकर्णी. जन्म १९५६ चा, गाव कुरुंदवाड! नरसोबाच्या वाडीला जाणाऱ्या भाविकांना हे गाव पलीकडच्या काठाचे म्हणून ठाऊक असते. बालपण हुबळीला गेले. २०२४ मध्ये त्यांना खगोलशास्त्राचे शॉ पारितोषिक मिळाले. आपल्याकडे कुलकर्ण्यांनी पिढ्यान् पिढ्या गावच्या शिवेची मापे लिहून ठेवली. यांनी जरा मोठी शीव मोजली, इतकेच.

आता प्रश्न उरला तो वेगाचा. धूर विरण्याच्या आत दुर्बीण वळली पाहिजे. माणसाला फोन करून उठवायचे, त्याने चष्मा शोधायचा, घुमटाचे दार उघडायचे, दुर्बीण फिरवायची, यात निदान अर्धा तास जाणार. म्हणून यंत्रालाच सांगून ठेवायचे, की निरोप आला की कोणाला विचारू नकोस, वळ आणि चित्र घे. यंत्रमानव म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे सिनेमातला लोखंडी गडी येतो. या दुर्बिणींत तसे काही नसते. अमेरिकेत लॉस अलामोस येथे ‘रॉट्सी’ नावाचे असे एक यंत्र होते. त्याला दुर्बीण म्हणायलाही लोक कचरले असते, कारण त्यात छायाचित्रकार वापरतात तसली चार लांब पल्ल्याची भिंगे एका चौकटीत बसवली होती. २३ जानेवारी १९९९ रोजी निरोप आला, आणि स्फोट सुरू झाल्यापासून अवघ्या २२ सेकंदांत त्याने पहिले चित्र घेतले. साध्या द्विनेत्रीतून दिसावे एवढे ते तेज वाढले, आणि मग दहा मिनिटांत शंभरपटीहून जास्त उतरले. तो प्रकाश नऊशे कोटी वर्षांहून अधिक काळ वाटचाल करून आला होता. चष्मा शोधणाऱ्या माणसाच्या हाती काय लागले असते, ते वाचकांनीच ठरवावे.

१९ मार्च २००८ चा स्फोट तर नुसत्या डोळ्यांना काही सेकंद दिसला असता, असा होता. साडेसातशे कोटी वर्षांपूर्वीची वस्तू, आणि नुसत्या डोळ्यांना! तो टिपला पोलंडच्या लोकांनी चिलीच्या डोंगरावर ठेवलेल्या स्वयंचलित कॅमेऱ्याने. पुण्यात तेव्हा सकाळचे पावणेबारा वाजत होते; म्हणजे आपल्याला तोही हुकला.

दिवस-रात्रीच्या या अडचणीवर उपाय म्हणजे पृथ्वीभर दुर्बिणींची साखळी. कॅलिफोर्नियात उजाडले की तिथली दुर्बीण काम खाली ठेवते, ते दुसऱ्या कोणीतरी उचलायचे. या साखळीतली आपली कडी लडाखात हानले येथे आहे. साडेचार हजार मीटर उंची, विरळ हवा, अंग गोठवणारी थंडी. माणसाने रात्रभर जागावे अशी ती जागाच नव्हे. तिथे ७० सेंटिमीटर व्यासाची ‘ग्रोथ-इंडिया’ दुर्बीण बंगलोरची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ ॲस्ट्रोफिजिक्स आणि मुंबईची आय. आय. टी. यांनी मिळून उभारली. २०१८ च्या जूनमध्ये तिने डोळे उघडले. भारतातील पहिली पूर्ण स्वयंचलित संशोधन-दुर्बीण म्हणून ती ओळखली जाते. कोजागिरीच्या त्या स्फोटाचा मागोवा तिनेही घेतला. आपल्या आयुकाची दोन मीटरची मोठी दुर्बीण पुण्याहून सुमारे ऐंशी किलोमीटरवर गिरवलीच्या डोंगरावर आहे, २००६ पासून. पण सह्याद्रीचा पाऊस काही संशोधनाची भीड धरत नाही. पावसाळाभर ती मिटून बसते. लडाखला ती अडचण फार कमी.

आता पुण्याकडे येतो. विद्यापीठाच्या आवारात, जिथे आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइनस्टाइन यांचे पुतळे मोकळ्या अंगणात मांडले आहेत, ती आयुका डॉ. जयंत नारळीकरांनी उभी केली हे सर्वांस ठाऊकच आहे. २८ फेब्रुवारीला, विज्ञानदिनी, तिथे शाळकरी मुलांची जत्रा भरते. २८ सप्टेंबर २०१५ रोजी भारताने ‘ॲस्ट्रोसॅट’ उपग्रह सोडला. त्याच्यावरच्या एका यंत्राचे नाव कॅडमियम-झिंक-टेल्युराइड प्रतिमाग्राहक असे जिभेला व्यायाम देणारे आहे. हे यंत्र ज्या संस्थांनी मिळून घडवले त्यांत मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था प्रमुख. त्याने जमवलेली माहिती बंगलोरजवळ ब्यालाळू येथे उतरते आणि तिथून छाननीसाठी पुण्याला आयुकात येते. ६ ऑक्टोबर २०१५ रोजी यंत्र सुरू केले आणि त्याच दिवशी त्याने एक गॅमा-स्फोट पकडून भोपळा फोडला! २०२३ च्या नोव्हेंबरात ही संख्या सहाशेच्या वर गेली.

या यंत्राची एक खोड आहे. कमी शक्तीच्या किरणांसाठी त्याच्या भिंती पक्क्या आहेत. पण फार शक्तिमान किरण आले की त्या भिंती कापडासारख्या आरपार होतात. जुन्या वाड्यातल्या पातळ भिंतींतून शेजारच्या बिऱ्हाडांतली भांडणे आपल्याला स्वच्छ ऐकू येत. भांडण चालू आहे याची खात्री, किती वाजता पेटले याचीही खात्री; पण नेमके कोणत्या बिऱ्हाडात, हे शपथेवर सांगता येत नसे. या यंत्राचे तसेच आहे. ते सगळीकडचे ऐकते, आणि वेळ बिनचूक सांगते. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, पुढे तिचे काम पडणार आहे.

४ जानेवारी २०१७. दुपारी तीन वाजून बेचाळीस मिनिटे. म्हणजे लक्ष्मी रोडची दुकाने उघडायला अजून अठरा मिनिटे अवकाश. अमेरिकेतल्या लायगो यंत्रांना गुरुत्वीय लहर जाणवली. सूर्याच्या अनुक्रमे ३१ आणि १९ पट वजनाची दोन कृष्णविवरे एकमेकांत विलीन झाली होती. जागा? आकाशाचा सुमारे १२०० चौरस अंशांचा पट्टा, ज्यात पूर्णचंद्राची सहा हजार बिंबे मावतील. कृष्णविवरांच्या मीलनातून प्रकाश निघू नये, असे शास्त्र सांगते. पण निघालाच तर? ज्याला तो प्रथम सापडेल त्याचे नाव पाठ्यपुस्तकात जाईल. जगातल्या दुर्बिणी त्या पट्ट्यावर तुटून पडल्या.

हवाई बेटांवर ‘ॲटलास’ नावाची स्वयंचलित दुर्बीण आहे. पृथ्वीवर एखादा धोंडा येऊन पडणार असेल तर आगाऊ सूचना द्यावी, हे तिचे मुख्य काम. लहरीनंतर सुमारे तेवीस तासांनी तिला त्या पट्ट्यात एक नवा ठिपका दिसला, आणि तो भराभर मंदावत होता. जागा जुळली, वेळ जवळपास जुळली, विरण्याची घाई जुळली. आणखी काय हवे? मंगळाष्टके म्हणायला भटजी उभेच होते.

पण वधूवरांची कुंडली पाहणारे कोणी तरी लागतेच. पूर्वी आयुकात असलेले आणि तेव्हा मुंबईच्या आय. आय. टी.त गेलेले वरुण भालेराव, आयुकाचे दीपंकर भट्टाचार्य आणि त्यांचे देशोदेशींचे सहकारी यांनी हे काम केले. या ठिपक्यांचा विरण्याचा एक नियम असतो. स्फोटाला जितका वेळ लोटला असेल त्याच्या दुप्पट वेळ झाला, की तेज साधारण निम्म्यावर येते. म्हणून सुरुवातीला ते झरझर उतरते, पुढे सावकाश. कपातला चहा किती निवला यावरून तो कधी ओतला हे घरातली बाई बरोबर सांगते, तसे या उतरणीवरून स्फोटाची वेळ मागे मोजत काढता येते. ती काढली, तर ती ४ तारखेची दुपार येईना. ती आली ५ तारखेची, जवळजवळ वीस तासांनंतरची. आणि ५ तारखेच्या त्याच सुमाराला ॲस्ट्रोसॅटच्या त्या पातळ भिंतीच्या यंत्राने एका गॅमा-स्फोटाचा आवाज टिपलेला होता. चीनच्या अवकाश-प्रयोगशाळेवरील ‘पोलर’ यंत्रानेही तोच टिपला होता. उलट, खुद्द लहर आली त्या क्षणी आपले यंत्र त्या पट्ट्याच्या निम्म्या भागावर कान लावून होते, आणि त्याला काही ऐकू आले नव्हते.

निर्णय झाला. तो ठिपका एका दूरच्या, निराळ्याच ताऱ्याच्या मरणाचा होता. कृष्णविवरांच्या लग्नाशी त्याचा संबंध एवढाच, की तो योगायोगाने त्याच मांडवात येऊन बसला होता.

ही हकीगत मी आमच्या शेजारच्या बापूसाहेबांना सांगितली. बापूसाहेब बँकेतून निवृत्त झालेले. सारा जन्म चेकवरच्या सह्या पडताळण्यात गेला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले,

“म्हणजे एवढा खटाटोप करून सापडले काय?”

“ते ते नव्हे, हे सापडले.”

मला वाटले, आता हे हसतील. पण ते हसले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, “आमच्याकडे एकदा एक चेक आला होता. सही इतकी हुबेहूब, की साहेबांनी पास करायला सांगितले. मी म्हटले, साहेब, जरा थांबा. चेकवरची तारीख पाहिली, मग चेकबुक कधी दिले ते रजिस्टर काढले. चेकबुक दिले त्याच्या आदल्या आठवड्याची तारीख त्याने चेकवर घातली होती.”

“मग तुम्हाला काय मिळाले हो?”

“मला? त्या दिवशी डबा खायला चार वाजले.”

मला विचाराल तर या सर्व प्रकरणातली मला भावलेली गोष्ट यंत्राचा वेग नव्हे. वेग पाहिजेच. पण दर रात्री या दुर्बिणी ढिगाने नवे ठिपके उपसतात. त्यांत बदलणारे तारे असतात, लघुग्रह असतात, साधे अतिनवतारे असतात. झोपेची गरज नसलेल्याला शंकेचीही गरज नसते. त्या ढिगाऱ्यातून हवा तोच ठिपका समोर आला असताना ‘तारीख पाहू’ म्हणणारा माणूस दुर्मिळ, आणि तो ‘हवे ते’ मिळाल्याच्या आनंदात असलेल्यांना क्वचितच आवडतो. तेव्हाच्या उत्साहात तो ठिपका कृष्णविवरांच्या नावावर जमा झाला असता, तर पुढचा खरा प्रकाश आला तेव्हा कोणी कशावर विश्वास ठेवायचा, हा पेच पडला असता.

आणि पुढचा खरा प्रकाश फार दूर नव्हता. सात महिन्यांनी, १७ ऑगस्ट २०१७ रोजी, भारतीय वेळेप्रमाणे संध्याकाळी सहा वाजून अकरा मिनिटांनी, पुन्हा लहर आली. या खेपेस टक्कर होती न्यूट्रॉन ताऱ्यांची, सुमारे तेरा कोटी प्रकाशवर्षांवरची. तिच्यामागून १.७ सेकंदांनी गॅमा-झोत आला, आणि काही तासांत चिलीच्या दुर्बिणीला ठिपकाही सापडला. या वेळी वेळ जुळली, जागा जुळली, सारे जुळले. एकाच घटनेची लहर आणि प्रकाश दोन्ही हाती येण्याची ती पहिलीच वेळ.

आपल्या ॲस्ट्रोसॅटला मात्र तो झोत दिसला नाही. झाले असे, की त्या क्षणी उपग्रह आणि ती दिशा यांच्यामध्ये खुद्द पृथ्वी आडवी आली होती. तरीही न दिसण्याचा उपयोग झालाच. ज्याअर्थी ॲस्ट्रोसॅटला दिसला नाही, त्याअर्थी तो आकाशाच्या पृथ्वीने झाकलेल्या भागात आहे, असे म्हणून शोधाचे क्षेत्र आवळता आले.

पण एकदा हुकले ते मनाला लागले असावे. मुंबईच्या आय. आय. टी.च्या पुढाकाराने ‘दक्ष’ नावाची एक योजना मांडली गेली आहे, आणि तिच्यात आयुकाही सहभागी आहे. तिच्यात एकसारखे दोन उपग्रह आहेत, पृथ्वीच्या दोन विरुद्ध बाजूंना राहणारे. एकाच्या आड पृथ्वी आली, तर दुसऱ्याला मोकळे दिसावे. बापूसाहेबांना हे सांगितले, तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, की दोघांच्या नोंदी एकमेकींशी ताडून पाहायला माणूस कोण नेमणार आहेत.